कोळंबी तलावावर टेक्निशियनची नोकरी मिळतेय, रोजचं काम नेमकं काय असतं?

भिगवणकर_२३

नमस्कार मंडळी. मी भिगवणचा. गेल्या वर्षी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालो. आमचं घर उजनीच्या पाण्यावर चालतं. वडील आणि चुलते पहाटे होडी घालतात, चिलापी, कटला, जे जाळ्यात येईल ते बाजारात लिलावाला लावतात. मासा मला नवा नाही, पण आम्ही तो पकडतो, पाळत नाही.

आता पालघर जिल्ह्यात खाडीलगतच्या एका व्हेनामी कोळंबीच्या फार्मवर मला पाँड टेक्निशियन म्हणून बोलावलंय. सहा तलाव आहेत, प्रत्येक एकेक एकराचा. महिन्याला १४,००० रुपये, राहणं-जेवण तिथेच. मालकांनी फोनवर एकच विचारलं, "रात्रीची तयारी आहे ना?" मी लगेच हो म्हणालो. रात्री तिथे काय करायचं असतं, हे विचारायचं धाडस झालं नाही.

वडील म्हणतात, "पंधरा वर्षं शिकलास ते दुसऱ्याच्या तळ्याची राखण करायला का?" आई काही बोलत नाही, फक्त तिथे मोबाइलला रेंज असते का विचारते.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगावं. दिवसभर आणि रात्री काय करावं लागतं? शिकायला मिळतं, की नुसती अंगमेहनत? आणि पुढे उजनीत मासे पाळायला स्वतःचे जाळीचे पिंजरे टाकायचं मनात आहे, त्याला याचा उपयोग होईल का?

पहाट_पाळी

अरे-तुरे करतो, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस. मी अकरा वर्षं तलावावर काढली. आधी टेक्निशियन, मग सुपरवायझर, आता तीन फार्मचं पाणी बघतो. सविस्तर लिहितो, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तुझ्या मालकांनी पहिलाच प्रश्न योग्य विचारला. कोळंबीचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. उन्हात पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, तलावाला दिवसभर पुरून उरतो. सूर्य मावळला की ते काम बंद. मग शेवाळ, कोळंबी आणि तळच्या गाळातले जिवाणू सगळे एकाच ताटात जेवायला बसतात. पहाटे चार ते सहा ही ते ताट रिकामं व्हायची वेळ. त्या वेळी मीटरवर ऑक्सिजनचा आकडा लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठी तुला ठेवलंय. बाकी सगळी कामं त्याच्या मागून.

म्हणून रात्री अकराला, दोनला आणि चारला मीटर घेऊन बांधावरून फिरायचं. प्रत्येक तलावात वरचं पाणी मोजायचं आणि तळाजवळचंही. एअरेटरची, म्हणजे पाणी घुसळून त्यात हवा मिसळणाऱ्या यंत्रांची, सगळी चाकं फिरताहेत का ते बघायचं. मग बॅटरीचा झोत पाण्यावर टाकायचा. कोळंबीचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. ते तलावभर विखुरलेले दिसले तर ठीक. काठाला ओळ धरून दिसले तर पळत सुट, तिला खाली श्वास मिळत नाहीये. सगळे एअरेटर चालू, सकाळचं खाद्य बंद, ऑक्सिजनची पावडर टाकायची आणि मालकाला उठवायचं. महिनाभरात तुला एअरेटरच्या आवाजातच झोप लागायला लागेल. वीज गेली की तो आवाज थांबतो आणि माणूस ताडकन उठून बसतो. मी सुट्टीला घरी गेलो की अजूनही शांततेनं जाग येते.

दिवसाचं काम सकाळी सहाच्या पहिल्या खाद्यानं सुरू होतं. दिवसातून चार वेळा खाद्य. प्रत्येक वेळी चेक ट्रेमध्ये थोडं टाकून ट्रे खाली सोडायचे आणि साधारण दोन तासांनी वर घ्यायचे. ट्रे म्हणजे तुझं प्रगतिपुस्तक आहे. खाद्य उरलंय का? कोळंबीच्या पाठीवरची आतड्याची रेघ सलग भरलेली आहे की तुटक? कवच मऊ लागतंय का? पाण्यावर पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा तरंगतेय का? ट्रे रिकामा दिसला की खाद्य वाढवायचा मोह होतो, पण उरलेलं खाद्य तळाला कुजतं आणि रात्री तुझाच ऑक्सिजन खातं. एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा खाद्याचा असतो. टेक्निशियनचा हात सैल असला तर मालक बुडतो, फार आखडला तर कोळंबी वाढत नाही.

गणित समजून घे, तू विज्ञानाचा आहेस. एकराचा तलाव म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. चौरस मीटरला ५० प्रमाणे २ लाख बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडलं. त्यातलं ८० टक्के जगलं असं धर, म्हणजे १ लाख ६० हजार. आठवड्याला पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून नमुना काढला आणि सरासरी वजन १२ ग्रॅम आलं, तर पाण्यात १,९२० किलो कोळंबी आहे. या वजनाला दिवसाला सुमारे ३ टक्के खाद्य धरलं तर ५७-५८ किलो. एका एचपीच्या एअरेटरवर ढोबळ ५०० किलो कोळंबी धरतात, म्हणजे चार एचपी लागलेच, आणि एक जादा हवा. बाजारात याच कोळंबीला ८३ काउंट म्हणतील, किलोला ८३ नग. ती २० ग्रॅमची झाली की ५० काउंट. व्यापारी भाव काउंटवर बोलतो, त्यामुळे शेवटच्या तीन आठवड्यांत थांबायचं की काढायचं यावर रोज खल होतो. हे गणित तुला तोंडपाठ झालं तर सहा महिन्यांत मालक तुला विचारून निर्णय घ्यायला लागतील. शिकायला मिळतं ते असं.

आता माझी चूक सांगतो.

दुसरं वर्ष होतं. जूनचा पहिला आठवडा, चौथ्या तलावातलं पीक ७८ दिवसांचं, कोळंबी १४ ग्रॅमची. दुपारपासून आभाळ भरलेलं होतं, त्यामुळे शेवाळानं दिवसाही फारसा ऑक्सिजन केला नव्हता. संध्याकाळी पहिला पाऊस कोसळला. रात्री बाराला मोजलं तर ४.६ आलं, म्हटलं निभलं. चारला उठलो तेव्हा भुरभुर चालू होती. तीन तलाव मोजले. चौथा सगळ्यात टोकाचा, बांधावर शेणासारखा चिखल. मी परत फिरलो आणि वहीत चौथ्या तलावापुढे ४.१ लिहिलं. मोजलेलं नव्हतं. आदल्या आकड्यावरून अंदाजानं लिहिलं.

पावसाचं गोडं पाणी हलकं असतं, ते खाऱ्या पाण्यावर साय धरल्यासारखं बसतं. एअरेटरनं घुसळलं नाही तर दोन थर वेगळे राहतात आणि वरचा ऑक्सिजन तळाला पोचतच नाही. कोळंबी तर तळाला राहणारी. त्या तलावावरचे दोन एअरेटर फ्यूज जाऊन रात्रीत कधीतरी बंद पडले होते. चारला मी तिथे गेलो असतो तर कळलं असतं. साडेपाचला उजाडायला लागल्यावर काठ लाल दिसला. आठ वाजेपर्यंत आम्ही सहाशे किलो मेलेली कोळंबी बाहेर काढली. उरलेली तातडीनं काढून ७० काउंटला, मिळेल त्या भावात विकली.

मालकांनी वही मागितली. ४.१ वर बोट ठेवून विचारलं, "हे मोजलंस?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "आकडा दोन आला असता तर मी काहीतरी केलं असतं. न मोजलेल्या आकड्याचं मी काय करू?" कामावरून काढलं नाही. पण त्या दिवसापासून मी मोजल्याशिवाय एकही आकडा लिहिलेला नाही, आणि माझ्या हाताखालच्या मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगतो: जमलं नाही तर जागा कोरी सोड. कोरी जागा बघून माझं लक्ष जातं, भरलेली जागा बघून मी झोपायला जातो.

दुसरी गोष्ट विजेची. तलावावर माणसं बुडून मरतील ही भीती घरच्यांना असते, मला भीती शॉकची वाटते. खारं पाणी, ओले हात, एअरेटरच्या केबल बांधावरून गेलेल्या, जोडाला नुसती चिकटपट्टी. पोचल्याबरोबर बघ की पॅनेलला विजेची गळती झाली की आपोआप तुटणारा ब्रेकर आहे का. नसेल तर मालकांना नीट शब्दांत सांग की तो लावल्याशिवाय मी एअरेटरला हात लावणार नाही. एअरेटर दुरुस्त करायला पाण्यात उतरायचं असेल तर आधी मेन स्विच बंद आणि तिथे एक माणूस उभा. यात लाजायचं नाही. ब्लीचिंग पावडर आणि चुना टाकताना तोंडाला फडकं, डोळ्याला चष्मा, वारा पाठीवर घ्यायचा.

रोगाबद्दल थोडक्यात. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला की आठवड्याच्या आत तलाव रिकामा होऊ शकतो आणि त्यावर औषध नाही. म्हणून सगळी खटपट आधीची: तपासलेलं बीज, खेकडे येऊ नयेत म्हणून बांधाला जाळी, पक्ष्यांसाठी वर दोऱ्या, साठवण तलावात ब्लीचिंग करून मगच पाणी आत, एका तलावाचा पाग दुसऱ्यात नाही. आणि रोग आलाच तर ते पाणी खाडीत सोडू नका, तलावातच ब्लीचिंग करून अडवून ठेवा. शेजारच्यांचे तलाव त्याच खाडीचं पाणी उचलतात. हे न पाळणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांच्यामुळे गावच्या गाव पीक गेलेलं पाहिलंय.

पगार सुरुवातीला कमीच असतो. मी ९,००० वर लागलो होतो. विचारून घे: पीक चांगलं आलं तर किलोमागे बोनस आहे का, महिन्याला सुट्ट्या किती, दोन पिकांच्या मधे पगार चालू राहतो का. हा शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. तलाव वाळवायच्या महिन्यात बरेच मालक मुलांना घरी पाठवतात.

बोटुकली_ताई

भाऊ, मी भंडारा जिल्ह्यातली. आमच्याकडे खाडी नाही, आमचे मामा-तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव. ते मच्छीमार सोसायट्या ठेक्यानं घेतात आणि त्यात सोडायला त्यांना बोटुकली, म्हणजे थोडी वाढवलेली माशांची पिल्लं, लागते. मी नऊ वर्षांपासून जिरे, म्हणजे अगदी कोवळी पिल्लं, आणून बोटुकली करून विकते. माझ्याकडे बांधलेली चार संगोपन तळी आहेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर वरच्या दादांनी दिलंच आहे, पण मत्स्यपालन म्हणजे फक्त कोळंबी नाही, म्हणून लिहिते.

आमचा हंगाम पावसाळ्यातले दोन-अडीच महिने. हॅचरीत माशांना संध्याकाळी इंजेक्शन देतात, दुसऱ्या दिवशी अंडी फुटतात, आणि तीन दिवसांनी पिल्लाच्या पोटाची पिशवी जिरली की जिरे पिशवीत भरून आमच्याकडे येतात. एक तृतीयांश पाणी, वर ऑक्सिजन. आणल्या आणल्या पिशवी फोडायची नाही. बंदच तळ्यात तरंगत ठेवायची, दोन्ही पाण्यांचं तापमान सारखं झालं की हळूच तिरपी करायची. पहिल्या वर्षी मी घाईनं ओतले आणि सकाळी तळाशी पांढरी रांगोळी पडलेली दिसली. त्यानंतर कधी घाई केली नाही.

जिरे सोडायच्या आदल्या दिवशी तळ्यावर साबण आणि तेलाचं मिश्रण पसरवते, कारण पाणकिडे सहा मिलिमीटरचं पिल्लू सहज खातात. वाऱ्याच्या दिवशी ते करायचं नाही, थर फाटतो. मग रोज शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा सारखा मिसळून पीठ. पंधरा-वीस दिवसांत ती इंचभर होतात. शंभरातली चाळीस जगली तरी मी समाधानी असते. विकायच्या आदल्या रात्री त्यांना हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, उपाशी ठेवावं लागतं, नाही तर पिशवीत घाण करून वाटेतच मरतात. गिऱ्हाईक दारात उभं राहून "आत्ताच द्या" म्हणतं, तरी मी देत नाही. माझं बीज घरी जाऊन मेलं तर पुढच्या वर्षी तो येणार नाही, आणि त्या सोसायटीच्या घरांचं वर्ष वाया जाईल ते वेगळंच. ढीवर समाजाची कितीतरी घरं त्या एका तलावावर जगतात.

तुमच्या वडिलांना सांगा की राखणदार आणि पाळणारा यांत फरक आहे. माझ्या सासऱ्यांनाही तो दोन हंगाम पाहिल्यावर कळला. आता गिऱ्हाइकाला बीज वाटीनं मोजून तेच देतात.

खारेपाटी

अलिबागच्या खारेपाटातून लिहितोय. आमच्याकडे घरटी तळं आणि तळ्यात जिताडा. वाडवडील पावसात खाडीच्या उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, जिताड्याची पिल्लं धरून तळ्यात सोडायचे आणि बारीक मासळी घालून दोन-तीन वर्षं वाढवायचे. आता हॅचरीचं बीजही मिळतं. एकच लक्षात ठेव: जिताडा आपल्याहून लहान भावाला खातो. दर काही दिवसांनी आकारानुसार वेगळे केले नाहीत तर हजार सोडलेल्यांतले मोजके, लठ्ठ जिताडे उरतात.

तू खाडीकाठी चाललायस म्हणून सांगतो, पंचांग वाचायला शीक. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाशी येतं. तलावात पाणी घ्यायचं ते उधाणाला, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान, भरतीत पंपाच्या तोंडाशी चिखलच येतो. आणि पावसाळ्यातल्या उधाणाला रात्री बांधावर फेरी मारायचीच. खेकड्याच्या बिळातून पाणी पाझरायला लागलं तर तेव्हाच मातीचं पोतं टाक. सकाळपर्यंत थांबलास तर खांड जाते, म्हणजे बांध फुटतो, आणि खांड गेली की पीकही जातं, बाजूची भातशेतीही खारी होते. आमच्याकडे अशा जमिनी आहेत ज्यांत पुन्हा भात पिकलाच नाही.

भिगवणकर_२३

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीची गोष्ट मी वडिलांना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा विचारलं, "सहाशे किलो?" मग म्हणाले, त्या मालकानं पोराला ठेवला हे चांगलं केलं. दादा, उजनीतल्या पिंजऱ्यांबद्दलही दोन शब्द सांगा ना.

पहाट_पाळी

पिंजऱ्यात मी स्वतः काम केलेलं नाही, पण दोन मित्र करतात, त्यांच्याकडे राहून पाहिलंय. सहा बाय चार बाय चार मीटरचा पिंजरा, त्यात पंगस मासा किंवा गिफ्ट नावाच्या सुधारित जातीची चिलापी. तलावात पाणी तुझ्या हातात असतं, धरणात नसतं. उन्हाळ्यात उजनी किती खाली जाते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पिंजऱ्याखाली पुरेसं पाणी उरलं नाही की खाली पडलेली विष्ठा आणि खाद्य माशाच्या अंगाशी येतं. म्हणून जागा निवडायला तुझे वडील आणि चुलते लागतील. कुठल्या महिन्यात कुठे किती खोल असतं हे तीस वर्षं होडी घालणाऱ्याला विचारायचं. तू खाद्याचं आणि ऑक्सिजनचं गणित घेऊन जा, पाणी ते वाचतील.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० पासून आहे. त्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. पण अनुदान बघून पिंजरे टाकू नकोस. जलाशयाची परवानगी आधी, आणि त्याही आधी कुठेतरी दोन पूर्ण पिकं बीज सोडण्यापासून काढणीपर्यंत स्वतःच्या हातानं कर. एका पिकाला तीन-चार महिने लागतात, म्हणजे फार तर वर्षभर. धाकटं भावंड बारावी विज्ञानला असेल तर त्याला बी.एफ.एस्सी.चं, म्हणजे मत्स्यविज्ञानाच्या पदवीचं, सांग. चार वर्षांची पदवी आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला कॉलेजं आहेत. सरकारी खात्यात आणि खाद्य कंपन्यांत त्या पदवीला आधी विचारतात. प्राणिशास्त्रवाल्याला हातचं काम दाखवून पुढे यावं लागतं. मीही प्राणिशास्त्राचाच.

भिगवणकर_२३

गुरुवारी निघतोय. मालकांना फोन करून ब्रेकरचं आणि मधल्या महिन्याच्या पगाराचं विचारलं. ब्रेकर आहे म्हणाले. पगार निम्मा मिळेल. आणि रेंज येते, पण फक्त तिसऱ्या तलावाच्या बांधावर, आईला सांगितलंय. वडिलांनी होडीतली त्यांची मोठी बॅटरी दिलीय.

पहाट_पाळी

निम्मा पगार ठीक आहे, बहुतेक ठिकाणी तोही नसतो. बॅटरीचे सेल जास्तीचे घे, तिथून बाजार लांब असेल. आणि पोचलास की ऑक्सिजन मीटर गोड्या पाण्याच्या सेटिंगवर आहे का बघ. खाऱ्या पाण्यात तसाच वापरला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. तलावाची क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, त्यात भरून मगच पहिली रात्र मोज.